यशोदाबाईंच्या मशीनचा ड्रॉवर

सिडकोतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात शिलाई मशीनची फळी सोडली तर लाकडाची म्हणावी अशी वस्तू नव्हतीच. कपाट लोखंडाचं, पलंग लोखंडाचा, खुर्च्या प्लास्टिकच्या, पोळपाटसुद्धा दगडी. आणि घरधनी कोण, तर झुंबर पगारे, ज्यांचं उभं आयुष्य लाकूडकामात गेलं! यशोदाबाई हे आल्यागेल्याला चहाबरोबर ऐकवायच्या. "आमचे हे चाळीस वर्षं लाकूड तासत होते. पण घरात दात कोरायला काडी आणली नाय कधी."

यात झुंबररावांचा तसा काही दोष नव्हता. ते सुतार नव्हते, पॅटर्नमेकर होते, आणि कुणी सुतार म्हटलं की त्यांना थोडा रागच यायचा. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत ते कामाला होते. पाण्याच्या पंपाचं जे गोलगरगरीत लोखंडी कवच असतं, ते ओतण्याआधी हुबेहूब तसंच लाकडाचं घडवावं लागतं. त्याला म्हणायचं पॅटर्न. तो काळ्या वाळूत दाबून बसवायचा, मग अलगद वर काढून घ्यायचा, आणि मागे जी पोकळी उरते तिच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. लोखंड निवताना अंगानं जरा आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवायचा. पुढं ते लोखंड गावोगाव जायचं, रंग लावून, पेटीत बसून. लाकूड मात्र पुन्हा रॅकवर चढायचं आणि धूळ खात पडायचं.

झुंबररावांना मात्र लोखंड पाहिलं तरी आतलं लाकूडच दिसायचं. पेठला मेव्हण्याकडे जाताना एसटीच्या खिडकीतून कुठं विहिरीवरच्या पंपाची घरघर ऐकू आली, की ते बोलता बोलता गप्प व्हायचे. हे पोट आपलंच, असं त्यांना वाटायचं. मग डोळे मिटून ते पाण्याबरोबर आत शिरायचे. जिथं पटाशी हळू धरली होती ते वळण, जिथं अंगठ्यानं चाचपून पाहिलं होतं तो उतार, सगळ्यांवरून पाणी फिरत फिरत वर चढतंय, आणि वर कुणाची तरी मेथी, कुणाचे तरी टोमॅटो ते पाणी पिताहेत. इतक्या गावांचं पाणी आपल्या हाताच्या वळणावरून जातंय आणि गावांना आपलं नावही ठाऊक नाही, यात त्यांना मोठं सुख होतं. यशोदाबाई कोपरानं ढोसायच्या, "अहो, उतरायचं ना?" तेव्हा कुठं ते पेठच्या स्टँडवर परत यायचे.

दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. तोवर पॅटर्न शॉपही मिटल्यात जमा होतं. संगणकाला आकडे दिले की यंत्र आपलं आपण पॅटर्न कोरून काढू लागलं होतं, तेही कसल्याशा प्लास्टिकात. जुने लाकडी पॅटर्न भंगारात निघाले, तेव्हा झुंबररावांनी साहेबांना विचारून एक मागून घेतला. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी त्यांनी स्वतः केलेला, पंपाखालच्या बैठकीचा सागवानी पॅटर्न. लाल रंगाखाली लाकूड अजून मधासारखं होतं. तो पॅटर्न आणि हत्यारांची पेटी घेऊन ते कंपनीच्या बसमधून शेवटचे उतरले. पेटीत रंधा, पटाश्या, काटकोनाचा गुण्या आणि पहिल्या दिवशी काम शिकवणाऱ्या उस्तादांनी दिलेली स्टीलची पट्टी. चाळीस वर्षांत तिच्या कोपऱ्यावरची अक्षरं अंगठ्यानं पुसून गेली होती. हे सगळं पलंगाखाली गेलं, आणि तिथंच राहिलं.

ते बाहेर निघालं यशोदाबाईंच्या शिलाई मशीनमुळं. त्या कॉलनीतल्या बायकांची पोलकी शिवायच्या. मशीनच्या फळीखाली उजव्या हाताला एक ड्रॉवर असतो, बॉबिन, सुया, हुक ठेवायला. तो नऊ वर्षांपूर्वी वाळवीनं खाल्ला. तेव्हापासून तिथं नुसतं भोक, आणि बॉबिना श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. या थंडीत एकदा तो डबा पायानं लवंडला, बॉबिना घरभर पळाल्या, धागे एकमेकांत गुंतले. यशोदाबाई खाली बसून ते सोडवत होत्या आणि स्वतःशीच बोलत होत्या, पण दारात पेपर वाचणाऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"साऱ्या मुलखाला पंप दिले. मला एक ड्रॉवर नाय."

झुंबररावांनी पेपरची घडी घातली. "माप दे," म्हणाले.

आता इथं त्यांची रीत सांगायला हवी. पॅटर्नमेकर वस्तू मोजायला जात नाही. त्याला ड्रॉइंगवर आकडा येतो, तो आकडा म्हणजे हुकूम, आणि तो म्हणेल तसं लाकूड घडवायचं. शिवाय झुंबररावांचा डावा गुडघा वाकत नव्हता आणि ते भोक होतं खाली, अंधाऱ्या कोपऱ्यात. म्हणून यशोदाबाईंनी गळ्यातला कापडी टेप काढला, आत घालून मोजलं, आणि झुंबररावांनी एखाद्या इंजिनियरचा शब्द झेलावा तसं लिहून घेतलं. रुंदी बारा सेंटिमीटर. उंची साडेसात. खोली बत्तीस.

मग पुढच्या ओट्यावर कोवळ्या उन्हात त्यांचं दुकान लागलं. जुना पॅटर्न करवतीनं उकलताना असा वास सुटला, की समोरच्या लताबाई गॅलरीतून विचारू लागल्या, "काय भाजताय काय, भाऊ?" चाळीसेक वर्षांमागचा सागवान, आत अजून ओला असल्यासारखा गंध. पातळ फळ्या निघाल्या. एका बाजूला लाल रंगाची रेघ तशीच राहिली, ती त्यांनी मुद्दाम राखली. ड्रॉवरला खिळा मारायचा नव्हता. दोन्ही फळ्यांच्या टोकांना दाते पाडायचे आणि हाताची बोटं एकमेकांत घालावीत तसे ते एकमेकांत बसवायचे, की झाला कोपरा. रंध्यातून निघणाऱ्या सालींची वेटोळी ओट्यावरून घरंगळत रस्त्यावर जायची, पोरं ती कानात डुलासारखी अडकवायची. तीन दिवस झुंबररावांना जेवायला हाका माराव्या लागल्या. ते तिथंच असायचे आणि नसायचेही.

चौथ्या दिवशी ड्रॉवर झाला. यशोदाबाईंनी तो दोन्ही हातांत घेतला, उलटसुलट केला, नाकाशी नेला. कौतुक करायची त्यांना सवय नव्हती, म्हणून एवढंच म्हणाल्या, "हलका हाय." आणि मशीनपाशी जाऊन तो भोकात सरकवू लागल्या.

तो तोंडाशीच अडला.

तिरका करून पाहिला, उलटा करून पाहिला. जात नाही म्हणजे नाही. बाहेरून मशीनला लावून पाहिला, तर लांबीलाही नजरेनं तीनेक मिलिमीटर जास्तच. झुंबररावांनी तो परत घेतला, आपल्या पट्टीनं मोजला. आकडा बरोबर होता, वर अर्धा मिलिमीटर ढील त्यांनी ठेवलेलीच होती.

"तुझा टेप ताणलाय," ते म्हणाले. "किती वर्षांचा आहे तो? आणि सेंटिमीटरची बाजू तू वाचतेस कधी? तुझं सगळं इंचात."

"माझ्या टेपचं नाव नका घेऊ. ह्या टेपवर अख्खी कॉलनी शिवलीये."

दोघांचं असं वाजलं की दोन दिवस संभाषण फक्त भाजीपुरतं. शेवटी यशोदाबाई तणतणत गेल्या आणि नवा टेप घेऊन आल्या. मोजलं. बारा, साडेसात, बत्तीस. केसभर फरक नाही. झुंबररावांनी मान खाली घातली आणि दुसरा ड्रॉवर करायला घेतला. एक एक रेघ दोनदा आखली, चष्मा पुसून पुसून पाहिली. दुसरा ड्रॉवरही तोंडाशीच अडला, अगदी पहिल्याइतकाच.

ओट्यावर शेजारची अंजली पोलक्याचं माप द्यायला आली होती. ती सहज म्हणाली, "काका, थोडं घासून टाका ना. बसेल की."

घासून बसलं असतंही. कुठलाही सुतार तेच करतो. पण झुंबररावांचं दुखणं ड्रॉवर बसत नाही हे नव्हतंच. आकडा बरोबर, पट्टी बरोबर, तरी वस्तू चुकली, म्हणजे चुकलं ते मधलं माणूस. आणि याची त्यांना एवढी भीती का वाटावी, तर त्यांचा मोठा भाऊ लहानू.

लहानू गवंडी होता, सिन्नरकडच्या गावात. ओळंब्याशिवाय भिंत सरळ उभी करणारा. एकदा त्यानं गोठ्याची भिंत बांधली, ती एका बाजूला एक थर कमी भरली. गाव हसलं, लहानूही हसला. मग तो ओळंब्याचं नाव विसरला. मग पोरांची नावं. शेवटच्या वर्षी तो झुंबररावांना "बाबा" म्हणायचा आणि लिमलेटची गोळी द्या म्हणून हात पुढं करायचा. झुंबरराव निवृत्त झाले त्याच महिन्यात तो गेला. सुरुवात त्या एका थरापासून झाली होती. आणि आता झुंबरराव लहानूच्या तेव्हाच्याच वयाचे होते.

त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ते तिसऱ्या ड्रॉवरपुरत्या उरलेल्या फळ्यांना हात लावायला तयार होईनात. लाकूड एवढंच उरलं होतं. ही शेवटची परीक्षा, आणि नापास झालो तर मग पुढचं सगळं ठरलेलं, असं त्यांच्या मनानं घेतलं. ज्याला भीती वाटते तो तपासून पाहत नाही. त्यांनी दुपारी पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि झोपून टाकलं.

झोपेत ते फाउंड्रीत होते. भट्टी विझलेली, सगळीकडे मऊ काळी वाळू, कुणीच नाही. त्यांनी वाळूतून ड्रॉवर अलगद वर काढला, आणि खाली एवढी सुबक पोकळी राहिली की तिच्यात बघतच राहावं. तिच्या पलीकडे लहानू उकिडवा बसला होता, पागोटं सैल, हातात सुतळी. तो पोकळी मोजत होता. "झुंबऱ्या," तो अगदी मायेनं म्हणाला, "लय मोठं केलं रे हे. हाय तेवढं कर ना." झुंबरराव म्हणाले, भाऊ, मी मोजून केलं. लहानूनं सुतळी पुढं केली, ती धरायला गेले तर ती लांबतच चालली, आणि कडेची वाळू हळूहळू आत घसरू लागली. तेवढ्यात मशीनच्या टरटर आवाजानं जाग आली. यशोदाबाई पाठमोऱ्या बसून शिवत होत्या. त्यांनी पाय थांबवला, पण वळल्या नाहीत.

"अहो," त्या म्हणाल्या, "त्या ड्रॉवरचं... माझंच चुकलं असेल हो माप."

झुंबरराव अंथरुणात उठून बसले. छत्तीस वर्षांच्या संसारात या बाईनं आपलं चुकलं असं एकदाही म्हटलं नव्हतं. भाजी खारट झाली तर मीठ कंपनीनं बदललेलं असायचं. बस चुकली तर बस लवकर आलेली असायची. ती आज स्वतःहून, इतक्या मऊ आवाजात हे म्हणते, म्हणजे तिलाही दिसलंय. लहानूभाऊंची गोळीसुद्धा तिनंच शेवटी शेवटी भरवली होती. तिला कळल्यावाचून राहील कसं?

त्याच संध्याकाळी त्यांनी कादरला फोन लावला. कादर त्यांच्याच फाउंड्रीतला मोल्डर. ते लाकूड घडवायचे, तो वाळूत बसवायचा, तीस वर्षांची जोडी. त्याचा मुलगा हुजैफा जुन्या नाशकात फर्निचरचं काम करतो.

"कादर, माझी हत्यारं हुजैफाला देऊन टाकतो. रविवारी पाठव."

"का, मिस्त्री? तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. नुसती पडून आहेत." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मग एक एक पटाशी तेलाच्या फडक्यानं पुसली, पेटीत निजवली, आणि पेटी दाराशी नेऊन ठेवली. पट्टी तेवढी बाहेर राहिली, कारण ती यशोदाबाईंनी आधीच मागून घेतली होती. त्यांना अंजलीच्या पोलक्याच्या कापडावर सरळ रेघ मारायची होती.

शनिवारची दुपार. ओट्यावर ऊन, आत सतरंजीवर निळं कापड पसरलेलं. यशोदाबाईंनी ते सकाळीच भिजवून वाळवून घेतलं होतं. सुती कापड पहिल्या धुण्याला आटतं, म्हणून आधी आटवून मग कापायचं, ही त्यांची शिस्त. त्यांनी टेप अंथरला, त्याला लागून पट्टी ठेवली, खडूनं रेघ मारली. आणि खडू हातातच राहिला.

टेपचा शून्य आणि पट्टीचा शून्य एका जागी होते. दहापाशी पट्टी जरा पुढं. वीसपाशी आणखी पुढं. तिसापाशी चांगली तीन मिलिमीटर पुढं. यशोदाबाईंनी जुना टेप काढला, तोही ठेवला. दोन्ही टेप एकमेकांचं खरं करत होते. त्या उठल्या, अंजलीच्या मुलीकडून शाळेतली प्लास्टिकची पट्टी घेऊन आल्या, मागं पाढे छापलेली. तीही टेपच्याच बाजूची निघाली.

"अहो, इकडं या. तुमचं तीस माझ्या तिसापेक्षा मोठं कसं?"

झुंबरराव आले, गुडघा सांभाळत कसेबसे खाली टेकले. चारी मापं शेजारी शेजारी पडली होती. त्यांनी एकेकाचं तीस बोटानं ताडून पाहिलं. मग त्यांनी पट्टी उचलली आणि तिचा गुळगुळीत कोपरा अंगठ्यानं चोळला, जणू पुसलेली अक्षरं परत येतील.

"श्रिंकेजची पट्टी," ते हळूच म्हणाले.

"कसली?"

"पॅटर्नची. लोखंड आकसतं ना, शंभराला एक. म्हणून हिचे सेंटिमीटरच तेवढे मोठे पाडलेत. ड्रॉइंगचा आकडा हिच्यावर घ्यायचा, की लाकूड आपोआप मोठं होतं. हिशेब करावा लागत नाही. पहिल्या दिवशी उस्तादांनी सांगितलं होतं, मग..." त्यांनी पट्टी उलटी करून पाहिली. "मग कधी आठवायची वेळच आली नाही. मला हेच माप म्हणजे माप वाटत होतं. यशोदे, मी एवढी साधी गोष्ट विसरलो."

यशोदाबाई त्यांच्याकडे पाहत होत्या. गेले आठ दिवस त्यांच्याही घशाखाली घास नीट उतरला नव्हता. त्यांनी पट्टी हातातून काढून घेतली.

"विसरला नाय तुम्ही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला फाउंड्री विसरताच येत नाय, हा तुमचा आजार हाय. भावजींचं वेगळं होतं. ऐकताय ना? ते वेगळं होतं."

झुंबररावांनी मान हलवली. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी लपवलंही नाही. मग यशोदाबाईंना एकदम हसू फुटलं.

"म्हणजे आम्ही कापड आधी भिजवतो. तुमचं लोखंड भिजवता येत नाय, म्हणून पट्टीच मोठी केली होय? आणि मला म्हणे, तुझा टेप ताणलाय!"

कादरला फोन गेला, पेटी राहू दे म्हणून. सगळं ऐकून तो इतका हसला की शेवटी त्याला खोकला लागला. "मिस्त्री, घरात काय लोखंड ओतणार होता काय?" मग खोकला आवरून म्हणाला, "मला वाटलंच होतं काहीतरी बिनसलंय. तुम्ही कधी हत्यारं द्याल? हुजैफालाही सांगितलं होतं, तिथं जा, चहा पी, आणि रिकामा परत ये."

रविवारी सकाळी पेटी पुन्हा ओट्यावर उघडली. उरलेल्या फळ्या त्या पाढेवाल्या पट्टीवर आखल्या गेल्या. आखताना झुंबररावांना फार चमत्कारिक वाटत होतं. प्रत्येक रेघ त्यांना तोकडी दिसायची, हात आपोआप पुढं सरकायचा, आणि ते त्याला मागं घ्यायचे. आता काही आकसणार नाही, आहे तेवढंच, असं ते हाताला समजावत होते. पोरं सालींची डुलं घालून फिरत होती. लताबाई वरून पाहत होत्या. संध्याकाळच्या उन्हात शेवटचा कोपरा जुळला, दाते एकमेकांत गेले आणि टक् असा बारीक आवाज झाला.

या वेळी ड्रॉवर त्यांनी स्वतः नेला. गुडघा दुखला तरी खाली बसले. तोंडाशी लावला आणि नुसत्या दोन बोटांनी ढकलला. तो आत गेला, सावकाश, आतली हवा पुढं लोटत. मागच्या फटीतून त्या हवेचा हलकासा उसासा आला, आणि पुढची फळी मशीनच्या कडेशी येऊन थांबली. बोट फिरवलं तर सांधा लागत नव्हता. लाल रंगाची रेघ तेवढी दिसत होती. त्या रेघेकडे पाहताना त्यांना क्षणभर वाटलं, विहिरींवरचे सगळे पंप बंद झालेत आणि सगळीकडचं पाणी शांत उभं आहे.

यशोदाबाईंनी श्रीखंडाचा डबा आणला. बॉबिना एकेक करून ड्रॉवरमध्ये लावल्या, सुयांची पाकिटं, हुकांची पुडी. शेवटी स्टीलची पट्टी उचलली आणि बाजूला आडवी ठेवली. ती नेमकी मावली.

"ही आता इथंच राहील," त्या म्हणाल्या. "हिच्यावर फक्त रेघा मारायच्या, मोजायचं नाय."

"बरं."

यशोदाबाईंनी ड्रॉवर लोटला. पुन्हा तो उसासा. पुन्हा उघडला, पुन्हा लोटला. मग कमरेवर हात ठेवून त्या सरळ उभ्या राहिल्या, आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आपल्या जुन्या, खणखणीत आवाजात म्हणाल्या, "टेप माझा बरोबरच होता. मी पहिल्या दिवसापासून सांगत होते. माझं कधी चुकलंय का?"

झुंबरराव खालीच बसले होते, मशीनला पाठ टेकून, पायांवर लाकडाचा भुसा घेऊन. तो आवाज त्यांनी डोळे मिटून पुरता ऐकला.

"नाही गं," ते म्हणाले. "कधीच नाही."